गाडीचे मिसिंग: आधी नोंद, मग निदान, शेवटी खर्च

या महिन्याचे सदर काळेवाडीच्या एका वाचक भगिनीच्या पत्रावर आहे. पत्र लांब आहे, म्हणून त्यातला मुख्य भाग आमच्या शब्दांत देतो.

त्यांच्या पतीची पिवळ्या पाटीची गाडी आहे. २०१५ ची, चार सिलिंडरची, सीएनजी आणि पेट्रोल दोन्हीवर चालणारी. किलोमीटर १ लाख ८६ हजार. फजरची नमाज पढून ते निघतात, चाकणच्या एका कंपनीच्या कर्मचाऱ्यांना सोडतात आणि संध्याकाळी परत आणतात. घर याच गाडीवर चालते. काही महिन्यांपासून गाडी मधूनच मिसिंग मारू लागली. दोन-तीन झटके येतात, पिकअप पडतो, कधी चेक लाइट लागतो आणि मग गाडी अशी चालते की जणू काही झालेच नाही. गॅरेजमध्ये नेली की एकदम शहाणी.

गॅरेज त्यांच्या सख्ख्या मामेभावाचे. त्याने आधी चारही प्लग बदलले. गाडी चार दिवस बरी चालली. मग तीन नंबरची कॉइल बदलली. नऊ दिवस बरी चालली. मग थ्रॉटल बॉडी साफ केली. शेवटी टाकीतला पेट्रोल पंप बदलला. खर्च साडेअकरा हजारांवर गेला आणि मिसिंग तसेच राहिले. पतीचे म्हणणे, “मामेभाऊ असून लुटतोय.” दोन्ही घरांचे येणे-जाणे थांबले. त्यातच गल्लीतल्या एका ओळखीच्या माणसाने गाडी विकत मागितली. धाकट्या दिरांनी सुचवले की स्कॅनर लावून लाइट घालवू, संध्याकाळी थोडी फिरवून दाखवू आणि देऊन टाकू. भगिनींनी दोन गोष्टी विचारल्या आहेत: दोष सापडेल कसा, आणि न सांगता गाडी विकणे योग्य आहे का?

आम्ही त्यांना लगेच उत्तर लिहिले नाही. त्याऐवजी एक साधी वही करायला सांगितली. तीन-चार आठवड्यांनी त्या वहीतल्या नोंदी आमच्याकडे आल्या. पुढचे सगळे त्या नोंदींवरून आहे.

मिसिंग म्हणजे नेमके काय?

पेट्रोल किंवा गॅसच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला तीन गोष्टी वेळेवर लागतात: हवा-इंधनाचे योग्य मिश्रण, ते घट्ट दाबले जाणे, म्हणजे कॉम्प्रेशन, आणि ठिणगी. तिन्हींपैकी एक चुकली की त्या वेळी त्या सिलिंडरमध्ये स्फोट होत नाही. हेच मिसिंग. इंजिन मिनिटाला १,८०० फेरे फिरत असेल, तर एका सिलिंडरला मिनिटाला ९०० वेळा, म्हणजे सेकंदाला १५ वेळा ठिणगी मिळायला हवी. त्यातल्या चार-पाच सलग हुकल्या तरी आत बसलेल्याला झटका जाणवतो. उरलेले लाखो स्फोट मात्र व्यवस्थित होत असतात. म्हणून गॅरेजमध्ये उभ्या गाडीत दोष दिसत नाही, यात नवल नाही.

गाडीचा संगणक हे क्रँकच्या वेगावरून ओळखतो. एखाद्या सिलिंडरने जोर दिला नाही की क्रँक त्या क्षणी किंचित मंदावतो. सेन्सर ते टिपतो आणि कोड साठवला जातो. आपल्याकडे एप्रिल २०१३ पासून बीएस-४ गाड्यांना ओबीडी-२ ही तपास यंत्रणा आहे, त्यामुळे या गाडीतही ती आहे. कोड पी०३०१ असेल तर पहिला सिलिंडर, पी०३०२ असेल तर दुसरा, याप्रमाणे. पी०३०० आला तर अनेक सिलिंडर किंवा ठरावीक नसलेला.

मात्र कोड काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे ओळखले पाहिजे. पी०३०३ म्हणजे तिसऱ्या सिलिंडरमध्ये स्फोट हुकला, एवढेच. तो कॉइलमुळे, प्लगमुळे, वायरमुळे, इंजेक्टरमुळे की व्हॉल्व्हमुळे, हे तो सांगत नाही. कोड आला की कॉइल बदला, हा हिशेब म्हणजे कण्हण्याचा आवाज आला की अपेंडिक्स काढण्यासारखे आहे.

कोडसोबत संगणक आणखी एक माहिती ठेवतो, ती फार मोलाची असते. दोष घडला त्या क्षणी इंजिनाचे पाणी किती गरम होते, फेरे किती, वेग किती, इंजिनावर भार किती. याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. स्कॅनरने कोड पुसला की हीही पुसली जाते. बॅटरीची तार काढली तरी अनेक गाड्यांत ती जाते. लाइट घालवण्यासाठी घाई करणारा माणूस पुरावाच धुऊन टाकतो. आधी मोबाइलवर फोटो काढा, कागदावर लिहून घ्या, मगच पुसा.

वहीत काय लिहिले

आम्ही सांगितलेल्या नोंदी अशा होत्या: तारीख, वेळ, गॅस की पेट्रोल, इंजिन गार की गरम, एसी चालू की बंद, पाऊस की कोरडे, रस्ता कोणता, गियर कोणता, लाइट लागला का. पतीने घरी आल्यावर सांगायचे आणि भगिनींनी लिहायचे, असे ठरले. ज्या दिवशी काही झाले नाही, त्या दिवशीही “नाही” असे लिहायचे. न घडलेल्या दिवसाची नोंदही पुरावाच असते.

२४ दिवसांत १३ नोंदी झाल्या. नऊ गॅसवर, चार पेट्रोलवर. गाडी बहुतेक वेळ गॅसवरच चालते, त्यामुळे हा फरक मनावर घेण्यासारखा नाही. महत्त्वाचे हे की दोन्ही इंधनांवर मिसिंग झाले. पावसाच्या दिवशी झाले, कोरड्या दिवशीही झाले. एसी चालू असताना झाले, बंद असतानाही झाले.

जागा पाहू. सहा वेळा काळेवाडीकडून ऑटो क्लस्टरकडे जाताना एम्पायर इस्टेटच्या उड्डाणपुलाच्या चढावर, तिसऱ्या गियरमध्ये. चार वेळा मोशी ते चाकणच्या कोंडीत, पहिल्या गियरमध्ये क्लच सोडताना. दोन वेळा गतिरोधकावरून उतरताना. आणि एकदा सकाळी घरासमोरच्या बोळातून गाडी मागे घेताना.

प्रथम पाहणारा म्हणेल, चढावर होते, म्हणजे भारावर होते. आणि भारावर हुकणारी ठिणगी म्हणजे कमजोर कॉइल किंवा झिजलेला प्लग. तर्क चुकीचा नाही. भार वाढला की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि प्लगच्या फटीतून ठिणगी उडायला जास्त व्होल्टेज लागते. सीएनजीला तर पेट्रोलपेक्षाही जास्त लागते, म्हणून गॅसच्या गाडीत अशक्त कॉइल आणि रुंदावलेली फट लवकर उघडी पडते. मामेभावाने प्लग आणि कॉइल बदलली ती याच विचाराने, आणि तो विचार गॅरेजच्या रिवाजाला धरूनच होता.

पण तेराव्या नोंदीला हे उत्तर बसत नाही. सकाळी, गार इंजिन, सपाट बोळ, रिव्हर्स गियर, भार जवळपास नाहीच. तरी मिसिंग. मग या तेराही वेळांत समान काय? चढ, क्लच सोडणे, गतिरोधक, रिव्हर्स. प्रत्येक वेळी इंजिन आपल्या जागेवर हलते. पुढे जाताना एका बाजूला झुकते, मागे घेताना दुसऱ्या बाजूला. म्हणजे दोष उष्णतेचा नाही, ओलाव्याचा नाही, निव्वळ भाराचाही नाही. दोष हालचालीचा आहे. आणि इंजिन हलल्यावर ताणली जाते ती वायर.

कोण निर्दोष, हेही वहीने सांगितले

संशयितांची यादी लहान करणे हे निदानाचे अर्धे काम आहे. पेट्रोल पंपाचे पाहा. गाडी गॅसवर चालत असते तेव्हा इंजिनात पेट्रोल जातच नाही. मग गॅसवर होणाऱ्या मिसिंगचा गुन्हेगार टाकीतला पंप कसा असेल? तसेच गॅसचे इंजेक्टर वेगळे आणि पेट्रोलचे वेगळे. दोन्ही संच एकाच सिलिंडरला एकाच वेळी दगा देतील, ही शक्यता फार कमी. म्हणजे इंधनाची बाजू जवळपास सुटली. उरले काय? ठिणगी, हवेची गळती आणि कॉम्प्रेशन. दोन इंधनांची गाडी असणे हे इथे वरदान आहे. ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांनी पहिली परीक्षा हीच करावी: तोच रस्ता एकदा गॅसवर, एकदा पेट्रोलवर. फक्त गॅसवर होत असेल तर गॅसचे इंजेक्टर, फिल्टर, रेग्युलेटर आणि कमजोर ठिणगी पाहा. फक्त पेट्रोलवर होत असेल तर पंप, फिल्टर आणि पेट्रोलचे इंजेक्टर. दोन्हीवर होत असेल तर दोन्हींना समान असलेल्या गोष्टींकडे वळा.

अदलाबदलीची परीक्षा

भगिनींनी स्वतः मामेभावाच्या घरी जाऊन वही दाखवली. त्याने गाडी परत घेतली आणि या वेळी एकही नवा भाग न आणता काम सुरू केले. स्कॅनरवर पी०३०३ होता. फ्रीझ फ्रेममध्ये पाणी ९० अंश, फेरे १,७०० च्या आसपास, वेग ताशी ३४ किलोमीटर. उड्डाणपुलाच्या चढाशी हे जुळते.

त्याने तिसऱ्या सिलिंडरची कॉइल दुसऱ्यावर आणि दुसऱ्याची तिसऱ्यावर लावली, कोड पुसला आणि गाडी नेहमीच्या रस्त्यावर चालवायला दिली. दोन दिवसांनी कोड परत आला, पी०३०३ च. कॉइलबरोबर दोष दुसऱ्या सिलिंडरवर गेला असता, तर कॉइल दोषी ठरली असती. गेला नाही, म्हणजे कॉइल सुटली. मग तिसऱ्याचा प्लग चौथ्यावर आणि चौथ्याचा तिसऱ्यावर. पुन्हा पी०३०३. प्लगही सुटला. एका वेळी एकच गोष्ट हलवायची, हा या परीक्षेचा नियम आहे. दोन गोष्टी एकदम हलवल्या की निकालाचा अर्थ लागत नाही.

नंतर कॉम्प्रेशन गेज लावले. चारही सिलिंडरचे आकडे जवळजवळ सारखे निघाले. जुन्या गाडीत आकडा थोडा उतरलेला असतो. चारही एकसारखे उतरलेले असतील तर ती झीज आहे, एकच खाली असेल तर तो दोष आहे. इथे तसे नव्हते, म्हणून व्हॉल्व्ह, रिंग आणि हेड गॅस्केट सुटले.

उरली वायर. इंजिन आयडलवर ठेवून त्याने कॉइलकडे जाणारा वायरिंगचा जुडगा कोरड्या लाकडी पट्टीने एकेका जागी हलवून पाहिला. तिसऱ्या कॉइलच्या कनेक्टरपासून चार बोटे मागे पट्टी लागताच इंजिन अडखळले. पुन्हा हलवले, पुन्हा अडखळले. गाडी बंद करून कनेक्टर काढला आणि ती वायर हलकेच ओढली. चांगली वायर ओढली तर ताठ राहते. ही रबरासारखी लांबली. वरचे आवरण शाबूत होते, आतली तांब्याची तार तुटलेली होती. तुटलेली दोन टोके एकमेकांना टेकली की ठिणगी पडायची, इंजिन झुकले की सुटायची.

मग दुसरा प्रश्न: वायर तुटली का? चाकणच्या कारखान्यांत काम करणाऱ्या आपल्या भावांना हा प्रश्न ओळखीचा आहे. लाइनवर दोष निघाला की तो दुरुस्त करून सोडत नाहीत, “का?” हे पुन्हा पुन्हा विचारून मुळापर्यंत जातात. इथे मूळ होते इंजिन माउंटिंगमध्ये. माउंटिंगचे रबर फाटलेले होते, त्यामुळे इंजिन गरजेपेक्षा जास्त डोलत होते आणि प्रत्येक डोलण्याला तीच वायर त्याच जागी वाकत होती. तार वाकवून वाकवून तोडतो तसे झाले. नुसती वायर जोडली असती तर काही महिन्यांनी पुन्हा तुटली असती. वायरचा तुकडा बदलून डाख दिला, वरून स्लीव्ह चढवली, जुडग्याला थोडी ढील देऊन क्लिप लावली आणि माउंटिंग बदलले. सगळा खर्च मजुरीसह आधीच्या पेट्रोल पंपापेक्षा कमी झाला.

पण मग आधी गाडी बरी का झाली होती?

या प्रश्नाकडे नीट पाहा, कारण दोन घरांचे भांडण यात अडकले आहे. प्लग बदलायचा तर कॉइल काढावी लागते. कॉइल काढायची तर कनेक्टर काढावा लागतो. कनेक्टर काढून परत बसवताना वायर हलली आणि तुटलेली टोके काही दिवसांसाठी पुन्हा जुळली. गाडी बरी झाली ती हात लागला म्हणून, नवा भाग टाकला म्हणून नव्हे. मामेभावाला वाटले इलाज लागू पडला, मालकाला वाटले दोष गेला. चार दिवसांनी मिसिंग परतले तेव्हा मालकाला वाटले, फसवले. खरे तर त्या तुटक्या तारेने दोघांनाही फसवले होते.

मधूनच येणाऱ्या दोषाची हीच लबाडी असते. तो आपोआप जातो, म्हणून त्या वेळी जे केले त्याला श्रेय मिळते. आपोआप येतो, म्हणून जो समोर असेल त्याला दोष मिळतो. दिव्य कुरआनच्या सूरह हुजुरातमध्ये बेभरवशाच्या माणसाने बातमी आणली तर आधी शहानिशा करण्याचा आदेश आहे, आणि त्याच सूरहमध्ये पुढे अति संशय घेण्यापासून रोखले आहे. शहानिशा करा आणि संशय टाळा, या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात नाहीत. शहानिशा झाली की संशयाची गरजच उरत नाही. भगिनींच्या वहीने हेच केले.

एक गोष्ट ग्राहकांनीही मनाशी घ्यावी. नव्या भागाचे बिल आपण मुकाट देतो, पण दोन तास नुसता दोष शोधला म्हणून मिस्त्रीने मजुरी मागितली की म्हणतो, “केले काय? काहीच तर बदलले नाही!” मग मिस्त्री शोधणे सोडतो आणि भाग बदलत जातो, कारण पैसे तिथेच मिळतात. घाम सुकण्याआधी मजुरी देण्याची शिकवण आपल्याला आहे. शोधण्याचा घाम हाही घामच आहे. गाडी सोडतानाच सांगा: “आधी शोधा, शोधण्याची मजुरी वेगळी देऊ, भाग बदलण्याआधी फोन करा, आणि काढलेला भाग परत द्या.”

गेले, हे कधी म्हणायचे?

दुरुस्तीनंतर बारा दिवस वही चालू ठेवली. एकही नोंद नाही. आधी २४ दिवसांत १३ वेळा, म्हणजे साधारण दोन दिवसांतून एकदा दोष येत होता. त्या मानाने बारा दिवस कोरडे जाणे हा बऱ्यापैकी पुरावा आहे. दोन-चार दिवस गेले म्हणून गेले, असे धरू नका; पूर्वी नऊ दिवसही कोरडे गेले होते. दोष ज्या अंतराने येत होता त्याच्या पाच-सहापट काळ, त्याच रस्त्यांवर, गाडी चालवून पाहा. या गाडीची वही आणखी महिनाभर चालू ठेवावी, असे आम्ही कळवले आहे.

तुमच्या गाडीत वेगळे काही असेल तर

प्रत्येक गाडीत वायरच निघेल असे नाही. तुमच्या नोंदी काय सांगतात त्याप्रमाणे आधी कुठे पाहायचे, ते थोडक्यात देतो.

सकाळी पहिल्या दोन-तीन मिनिटांत मिसिंग, नंतर ठीक: रात्रभर ठिबकणारा इंजेक्टर किंवा हेड गॅस्केटमधून सिलिंडरमध्ये जाणारे पाणी. रेडिएटरचे पाणी कारण नसताना कमी होत असेल आणि सुरुवातीला पांढरा धूर दाट येत असेल, तर गाडी चालवत राहू नका.

गरम झाल्यावर मिसिंग, थंड झाल्यावर ठीक: कॉइल किंवा क्रँक सेन्सर. तापल्यावर आतले वेटोळे दगा देते. गरम गाडी एकदम बंद पडून अर्ध्या तासाने सुरू होत असेल, तर क्रँक सेन्सरवर आधी नजर टाका.

फक्त आयडलला थरथर, वेग घेतल्यावर ठीक: कुठून तरी हवा ओढली जाते आहे. रबरी नळ्या चिरल्या आहेत का पाहा. गॅसवर खूप चाललेल्या गाडीत व्हॉल्व्हची बैठक लवकर झिजते, टॅपेटची फट कमी होते आणि गरम इंजिनात व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही. ज्या इंजिनात टॅपेट हाताने सेट करावे लागतात, तिथे हे वेळच्या वेळी तपासा.

पावसात किंवा गाडी धुतल्यावर मिसिंग: प्लगच्या खोबणीत पाणी, कॉइलच्या रबराला चीर.

लांब चढावर किंवा जास्त वेगात दम संपल्यासारखे: पेट्रोलवर असेल तर फिल्टर आणि पंपाचा दाब.

काही दिवस उभ्या असलेल्या गाडीत अचानक मिसिंग: बॉनेट उघडून वायर पाहा. आपल्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये उंदीर-घुशी वायर कुरतडतात, आणि अर्धवट कुरतडलेली वायर अगदी असाच लपंडाव खेळते.

आणि सुरक्षिततेच्या तीन गोष्टी. चेक लाइट लुकलुकत असेल तर मिसिंग जोराचे आहे. न जळलेले इंधन सायलेन्सरच्या मार्गातल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते आणि तो महागडा भाग वितळतो. ॲक्सिलरेटर सोडा, गाडी बाजूला घ्या. चालू इंजिनात कॉइल किंवा प्लगच्या टोपीला हात लावू नका, तिथे हजारो व्होल्ट असतात. वायर हलवण्याची परीक्षा मिस्त्रीलाच करू द्या. गॅसचा वास येत असेल तर मिसिंगचा शोध बाजूला ठेवा, गाडी बंद करा, सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा, सगळ्यांना खाली उतरवा.

दुसरा प्रश्न: न सांगता विकावी का?

दोष आता सापडला, म्हणून हा प्रश्न सोपा झाला असे वाटेल. पण न सापडता विकायची वेळ आली असती तर? उत्तर तेच राहिले असते. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारात धान्याच्या एका ढिगाजवळून जात होते. त्यांनी ढिगात हात घातला तर आतले धान्य ओले लागले. विक्रेत्याने सांगितले की पाऊस लागला. तेव्हा त्यांनी विचारले की ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, आणि फसवणूक करणाऱ्याशी आपला संबंध नाही, असे बजावले. ही हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. स्कॅनरने लाइट पुसून आणि दोष येणार नाही अशा वेळी गाडी फिरवून दाखवणे म्हणजे ओल्या धान्यावर कोरडे पसरणेच. फिकहमध्ये यासाठीच खरेदीदाराला लपवलेल्या दोषावरून व्यवहार मोडण्याचा हक्क दिला आहे; त्याला खियारुल ऐब म्हणतात. आणि इथे तर गाडी गल्लीतल्याच माणसाच्या घरी, त्याच्या मुलाबाळांना घेऊन, त्याच उड्डाणपुलावर चढणार होती. चढावर मागे ट्रक असताना पिकअप पडला तर काय होईल, हे गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला कळते.

जुनी गाडी घेणाऱ्यांनीही हे ओळखावे. कोड नुकताच पुसला असेल तर स्कॅनरमध्ये लाइट नसतो, पण संगणकाच्या स्वतःच्या तपासण्या “अपूर्ण” दिसतात. त्या पूर्ण व्हायला गाडी काही दिवस वेगवेगळ्या परिस्थितीत चालावी लागते. बऱ्याच तपासण्या अपूर्ण असतील तर विचारा की कोड कधी आणि का पुसला. गाडी सकाळी गार असताना सुरू करून पाहा, अर्धा-पाऊण तास चालवा, चढ घ्या, रिव्हर्स घ्या, गॅस आणि पेट्रोल दोन्हीवर पाहा.

भगिनींच्या घरी गाडी विकायची की ठेवायची याचा निर्णय अजून व्हायचा आहे. विकली तर वही आणि दुरुस्तीचे बिल खरेदीदाराच्या हाती द्यावे, असा आमचा सल्ला आहे. १ लाख ८६ हजार किलोमीटर चाललेल्या गाडीची अशी लेखी हकीकत असेल तर जाणता खरेदीदार तिला दोन पैसे जास्तच देतो. मामेभावाच्या घरी पतीने स्वतः जावे, हे आम्ही वेगळे कळवले आहे. तेवढे काम वहीने होणार नाही.

ज्यांच्या गाडीत असे काही चालू आहे त्यांनी आज रात्री एक जुनी वही काढावी आणि वर सांगितलेले रकाने आखावेत. महिनाभराच्या नोंदी झाल्या की आमच्याकडे पाठवा. गाडीचे वर्ष, इंधन आणि किलोमीटर लिहायला विसरू नका. अल्लाह तुमच्या रोजीत बरकत देवो आणि प्रवास सुखरूप करो. आमीन.